घरचं विमान, बाहेरचा मास्तर

विमानाचा आवाज आला की जो मान वर करतो तो गोंदियाचा नाही, असं खुशाल समजावं. निदान बिरसी-कामठ्याच्या बाजूचा तर नाहीच. पुण्याहून आलेला पाहुणा पोह्यांची बशी हातात घेऊन अंगणात धावतो, मोबाइल वर धरतो. समोरच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया मात्र कंबरेतून वाकलेल्या त्या वाकलेल्याच. त्यांना ठाऊक असतं की हे विमान कुठंही जाणार नाही. थोड्या वेळानं ते परत येईल, धावपट्टीला चाकं टेकवील आणि थांबायचं सोडून पुन्हा उडेल. मग पुन्हा येईल. टपरीवरचे एक आजोबा अशा पाहुण्यांना शांतपणे समजावतात, "पोट्टा शिकून राह्यला. अजून पास नाही झाला."

इतकी वर्षं डोक्यावर शाळा भरत असल्यानं आमच्याकडे परीक्षकांचाही एक वर्ग तयार झाला आहे. यातल्या बहुतेकांनी विमानात पाय ठेवलेला नसतो, पण उतरणारं विमान पाहून ते चहाच्या घोटागणिक गुण देतात. "हा नवा आहे." "हा लवकर खाली आला." "याचा मास्तर आज रागात दिसते." क्रिकेटवर बोलायला बॅट हातात धरलेली असावी लागत नाही, तसंच हे.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० च्या सुमारास दुसऱ्या महायुद्धासाठी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे गोंदियाचे प्रफुल्ल पटेल दिल्लीत नागरी विमान वाहतूक मंत्री झाले आणि धावपट्टीचं नशीब फळफळलं. २००८ साली इथं नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आली. विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांची ही भागीदारी. ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची छोटी विमानं धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागली. रायबरेलीकडच्या सरकारी उड्डाण अकादमीची पोरंही इथं सराव करून गेली. तिकीट काढून बसता येईल असं पहिलं प्रवासी विमान मात्र मार्च २०२२ मध्ये आलं, इंदूर आणि हैदराबादसाठी. म्हणजे चौदा वर्षं आमच्याकडे विमानं होती, वैमानिक होते, मास्तर होते; फक्त गोंदियाकर बसू शकेल असं एकही आसन नव्हतं. मुंबईला जायचं तर विदर्भ एक्स्प्रेस.

आता हे शिकणं किती शिस्तीचं असतं ते बघा. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. त्यासाठी दहावी पास आणि डॉक्टरचा दाखला हवा. खासगी परवान्याला सतरा वर्षं, व्यावसायिक परवान्याला अठरा. व्यावसायिक म्हटलं की २०० तासांचं उड्डाण आलं, त्यातले १०० तास विमानाची सूत्रं स्वतःकडे घेऊन. रात्रीचं उड्डाण वेगळं, नुसत्या यंत्रांकडे बघून उडणं वेगळं, आणि ३०० सागरी मैलांचा लांबचा पल्ला एकट्यानं मारायचा तो वेगळाच. हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमानाची तांत्रिक बाजू यांच्या परीक्षा आहेत. शिवाय रेडिओवर बोलायचासुद्धा परवाना लागतो. परवान्याशिवाय बोलायचं नाही, बोलायचं तर थोडक्यात, आणि समोरच्यानं सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं. हा नियम ग्रामसभेला लावला तर सभा सात मिनिटांत आटोपेल.

याउलट जमिनीवरचं आमचं प्रशिक्षण. गाडी मोठ्या काकांची, मैदान शाळेचं, मास्तर म्हणजे दोन वर्षांनी मोठा चुलत भाऊ. तो काही अंतर कॅरिअर धरून मागं पळतो. मग न सांगता सोडून देतो आणि लांबून ओरडतो, "ब्रेक मार बे!" ब्रेक कुठं आहे हे आधी सांगायचं असतं, हे त्याला त्याच्या मास्तरनंही सांगितलेलं नसतं. गुडघे फुटतात, हळद लागते आणि पोरगं शिकतं. परवाना नंतर कधीतरी, एजंटाला फोटो दिले की होतो. या पद्धतीनं निम्मा जिल्हा गाडी चालवतो आणि उरलेला निम्मा रस्त्याच्या कडेनं जपून चालतो.

या दोन शिक्षणपद्धतींची टक्कर माझ्या ओट्यावर झाली. मी निवृत्त शिक्षक. गावात कुणालाही सरकारला काही कळवायचं असलं की अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात. एका संध्याकाळी राईस मिलचे मिस्त्री आले. माणूस हातचा पक्का. पॉलिशर कुरकुरला तर नुसत्या आवाजावरून कुठला बेअरिंग गेला ते सांगतात.

"गुरुजी, एक अर्ज लिवून द्या ना जी."

"कोणाला?"

"इमान खात्याले. मी इमान बनवतो म्हन्तो."

मी चष्मा पुसला. गोंदियात माणसं सहसा विहीर मंजूर करण्यासाठी अर्ज देतात.

"इंजिन कुठून आणणार?"

"ते होते. जुन्या गाडीचं इंजिन भेटते. पत्रा आहे, वेल्डिंग आहे. मी फक्त येक इचारतो. बनवल्यावर मले चालवाले शिकवीन कोन?"

मिस्त्रींचं वैशिष्ट्य असं की ते हसण्यासारखं काही बोलतात आणि त्यात एक प्रश्न असा असतो, की हसू अर्ध्यावर थांबतं. स्वतः बांधलेलं विमान उडवायला कोणी, कोणाच्या विमानात, कोणत्या नियमानं शिकवायचं? ओरव्हिल आणि विल्बर राइट यांच्यासमोर हा प्रश्न नव्हता. १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण झालं ते १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही की आपले प्रशिक्षक कोण आणि त्यांचा परवाना क्रमांक काय. अर्थात विचारणाराही नव्हता आणि शिकवणाराही. हे दोघे मुळात सायकलीवाले, म्हणजे तसे मिस्त्रीच. हे मी बोलून गेलो आणि मिस्त्री खुर्चीत सरळ बसले.

त्यांचा उत्साह जरा आवरावा म्हणून मी त्यांना आपल्याच राज्यातलं उदाहरण दिलं. कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर या माणसानं सहा आसनांचं विमान बांधलं. गच्चीवर लोक पापड वाळवतात, फार तर पतंग उडवतात. यादवांच्या घरी पंख जोडले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताह झाला तेव्हा हे विमान गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं. बांधणं एकवेळ सोपं म्हणावं असा त्याच्या नोंदणीचा प्रवास. बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी दिली. यातली शेवटची अक्षरं नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली. प्रायोगिक उड्डाणाची परवानगी आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. गंमत बघा, यादव ज्या जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते ती हजारो कोटींची कंपनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जमिनीवर बसली, आणि गच्चीवरच्या विमानाला सहा महिन्यांनी उडायची मुभा मिळाली. पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या.

मिस्त्रींनी यातून एकच धडा घेतला. "म्हंजे नाव महत्त्वाचं आहे. आपल्या इमानाले कोनाचं नाव देवाचं?" मग त्यांनी आमदार, खासदार, पालकमंत्री आणि मिलमालक यांची आद्याक्षरं जुळवायला घेतली. जागा तीनच अक्षरांची. एकाला ठेवलं की दुसरा रुसणार. शेवटी नावाचा विषय अर्जातून वगळावा असं ठरलं.

मी त्यांना खरा धडा सांगितला. यादव आधी वैमानिक झाले आणि मग त्यांनी विमान बांधलं. शिकवणार कोण हा प्रश्न त्यांनी बांधकामापूर्वीच सोडवलेला होता.

"अमेरिकेत तं घरोघरी बनवते म्हन्ते," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या मोबाइलवर सगळं जग असतं.

खरं आहे. घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे अमेरिकेत हजारोंनी आहेत आणि त्यांच्यासाठी सरकारनं वेगळा वर्ग केला आहे, 'एक्सपेरिमेंटल'. अट अशी की विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असावं. त्याला तिथले लोक बोलताना एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. आणि हे काम त्यानं केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं. विमान तयार झालं की साधारण २५ ते ४० तास निर्जन भागावर चाचणी घ्यायची. तोवर गरजेपेक्षा जास्त माणूस आत घ्यायचा नाही. त्यानंतर मित्राला बसवता येतं, पण प्रवाशाला दिसेल अशी पाटी आत लावावी लागते: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही. एवढी प्रामाणिक पाटी आपल्याकडे एकाही खासगी क्लासवर लागलेली मी पाहिलेली नाही.

आणखी एक मोठी अट आहे. अशा विमानातून पैसे घेऊन कुणाला किंवा काही न्यायचं नाही. हौस ती हौस, धंदा तो धंदा. इथवर सगळं सरळ होतं. मग २०२१ साल उजाडलं.

फ्लोरिडातली एक कंपनी दुसऱ्या महायुद्धातलं जुनं पी-४० लढाऊ विमान बाळगून होती आणि पैसे घेऊन त्यात लोकांना उड्डाणाचं शिक्षण देत होती. तिथल्या हवाई खात्यानं, म्हणजे एफएएनं, ते थांबवलं. प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायालय खात्याच्या बाजूनं उभं राहिलं. युक्तिवादाची साखळी मोठी देखणी होती. विद्यार्थी हा माणूस आहे. विमान त्याला वाहून नेतं. मास्तर पैसे घेतो. म्हणजे पैसे घेऊन माणसाची वाहतूक झाली. सबब बंद. माझी सारी हयात वर्गात गेली, पण आपण विद्यार्थ्यांची वाहतूक करतो आहोत असं मला कधी वाटलं नव्हतं. एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत ढकलणं सोडलं तर.

ते पी-४० काही घरी बांधलेलं नव्हतं, त्याचा वर्गच निराळा. पण तसल्याच शब्दांचा नियम घरगुती विमानांनाही लागू होता. त्यामुळे मस्ती एकाच्या बाकावर झाली आणि अंगठे सगळ्या वर्गानं धरले. जुलै २०२१ मध्ये खात्यानं जाहीर केलं की स्वतःच्या विमानात, स्वतः पैसे देऊन, स्वतःसाठी मास्तर बोलावणाऱ्या मालकालाही आधी खात्याकडून सूट दिल्याचं पत्र घ्यावं लागेल. ज्या विमानाची सारी कायदेशीर ओळख 'शिक्षणासाठी बांधलेलं' अशी, त्यात शिक्षण घ्यायला परवानगी. मास्तर फुकट शिकवत असेल तर चालेल. म्हणजे सुरक्षेचा सगळा भार मास्तरच्या खिशावर. तो रिकामा असेल तर विमान सुरक्षित, त्यात काही पडलं की धोका.

"म्हंजे तिथंबी अर्ज?" मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं. परदेशातही अर्ज असतो हे कळलं की आपल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं.

अर्ज होताच. फरक इतकाच की तो ईमेलनं पाठवायचा, ठरावीक माहिती भरायची आणि पत्र ईमेलनंच परत यायचं. आता जी परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाला नुसत्या ईमेलवर मिळते, तिनं सुरक्षितता कितीशी वाढली असा प्रश्न तिथल्या वैमानिकांच्या संघटनांनी लावून धरला. गाडं अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये हा घोळ सोडवणारं कलम मंजूर झालं, तेही कुठं, तर संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यात. रणगाडे, युद्धनौका, क्षेपणास्त्रं आणि त्यांच्या रांगेत गॅरेजमधलं विमान व त्याचा मास्तर. २०२४ च्या अखेरीस खात्यानं आपले नियम त्याप्रमाणे दुरुस्त केले.

इतक्या खटाटोपातून जे तत्त्व निघालं ते मात्र शहाणपणाचं आहे. मालकानं आपल्या विमानात मास्तरला पैसे देऊन शिकावं, त्याला पत्र नको. पण ज्यानं विमानही द्यायचं, शिकवायचंही आणि जाहिरात करून गिऱ्हाईक बोलवायचं, त्यानं खात्याकडून रीतसर परवानगी घ्यावी. म्हणजे मास्तरनं पैसे घ्यावेत, विमानानं घेऊ नयेत. शिकणाऱ्यानं धोका समजून पत्करलेला असतो, गिऱ्हाइकाला तो विकलेला असतो. या दोन माणसांत फरक करायला महासत्तेला साडेतीन वर्षं लागली.

आता आपल्याकडचं. विमानांचा कायदा १९३४ चा होता, तो जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. नियमावलीचं मूळ १९३७ चं, म्हणजे बिरसीच्या धावपट्टीहून थोरलं. वैमानिकाच्या परवान्यासाठीचं शिक्षण डीजीसीएनं मान्य केलेल्या संस्थेत, मान्य विमानात, मान्य मास्तरकडे घ्यायचं. घरी बांधलेल्या विमानाला आधी नोंदणी, मग चाचणीपुरती उड्डाणाची परवानगी, आणि त्यातला प्रत्येक टप्पा म्हणजे यादवांच्या फायलीसारखा प्रवास. त्यात बसून कुणी पैसे घेऊन शिकवायचं, हा विषय आपल्याकडे निघत नाही, कारण तिथवर पोचायलाच माणसाचे केस पांढरे होतात. अमेरिकेत विमानं हजारो म्हणून नियमांत गुंता. आपल्याकडे नियम शाबूत, कारण विमानंच मोजकी.

हे मी सांगितलं तेव्हा मिस्त्री बराच वेळ बांधीकडे बघत होते. तिकडे सारसाची जोडी चरत होती. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आमच्या गोंदिया जिल्ह्यात आहेत आणि धानाच्या शेतात घरटी करतात. "त्याईचं बरं आहे," मिस्त्री म्हणाले. "घरचंच इमान, घरचाच मास्तर. ना फी, ना अर्ज."

बरं आहे खरं. पण पाखराला ते शरीर मिळायला लाखो वर्षांची चाचणी झाली आहे आणि त्या चाचणीत जे नापास झाले ते आज बांधीत दिसत नाहीत. माणसाच्या बाबतीत तेवढा हिशेब परवडत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे अमेरिकेत त्या पत्रांचा गोंधळ चालू असताना, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात एका तरुण वेल्डरनं स्वतःच्या हातानं बांधलेलं हेलिकॉप्टर चाचणीला काढलं. कसब अस्सल होतं. चाचणी चालू असताना पातं तुटून त्याला लागलं आणि तो गेला. हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं. त्याच्या आजूबाजूला कौतुक करणारे होते, मोबाइलवर चित्रण करणारे होते. "थांब, हे आधी तपासू" असं म्हणणारा कुणी जाणकार मात्र त्याच्यापाशी नव्हता. त्याला नियमांनी अडवलं नाही आणि नियमांनी वाचवलंही नाही, कारण नियम त्याच्या गावापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

नियमांची थट्टा मी खुशाल करतो, पुढंही करीन. पण त्या गावाची आठवण झाली की थट्टेचा रोख बदलतो. नियम आहेत ही तक्रार नाही. तक्रार ही आहे की आपले नियम "नाही" हा एकच शब्द झटकन बोलतात आणि "असं कर" म्हणायला वर्षं घेतात. हातात कसब असलेल्या माणसाला नुसतं नाही म्हटलं तर तो घरी जाऊन गुपचूप बांधतो. त्याला कुठं जायचं, कोण तपासणार, कोण शिकवणार आणि किती दिवसांत उत्तर मिळणार हे मराठीत एका पानावर लिहून दिलं, तर तो तुमच्या दारात येतो. बिरसीला धावपट्टी आहे, मास्तर आहेत, तज्ज्ञ आहेत. अशा ठिकाणी वर्षातून एक दिवस जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मिस्त्रींना बोलावून, त्यांचं काम बघून, चूक कुठं आहे ते सांगितलं तर सरकारचं फारसं काही जाणार नाही.

मिस्त्रींचा अर्ज मी लिहिला. विमान बांधायच्या परवानगीचा विषय काढून टाकला आणि उड्डाण प्रशिक्षण संस्थेला विनंती केली, की अर्जदार अनुभवी यांत्रिक असून आपली विमानं जवळून पाहण्याची व ती दुरुस्त कशी करतात ते समजून घेण्याची त्यांची इच्छा आहे, तरी एक दिवस परवानगी मिळावी. मिस्त्रींनी तो दोनदा वाचून घेतला.

"आन् बनवाचं?"

"आधी बघा, मग शिका, मग बनवा. क्रम सोडू नका."

वाचकांपैकी कुणी गच्चीवर, गॅरेजात किंवा गोठ्यामागं विमान बांधायला घेतलं असेल, तर त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. उडवायला शिकायचं ते प्रमाणित विमानात आणि परवानाधारक मास्तरकडे. आपलं विमान दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचं. अर्ज अडला तर माझ्याकडे या. लिहून देतो, फुकट. पैसे घेतले तर तीही कुठल्यातरी कलमाखाली वाहतूक ठरायची.